गोदाक्कांना कुणीतरी सांगावं

मद्रासमधल्या मैलापूरच्या त्या गल्लीत कुणाचं लग्न जमतंय, कुणाचं मोडतंय, कोणाकडे पाहुणे येऊन टेकलेत, हे गोदाक्कांना सगळ्यांच्या आधी कळायचं. भिंतींना कान असतात ते खोटं, सगळे कान देवानं गोदाक्कांनाच दिलेत, असं लोक म्हणत. गोदाक्का हसून सोडून देत. पण इतकं सगळं शोधून काढायची वेळ त्यांच्यावर का यायची, हे कुणी विचारलं नाही. त्यांना आपण होऊन कुणी काही सांगायचंच नाही, म्हणून.

कोवळ्या वयात विधवा होऊन त्या भावाकडे, रामस्वामींकडे आल्या, त्याला आता जन्म लोटला होता. घर तंजावरी मराठ्यांचं. बोलणं जुनं मराठी, शिव्या तेवढ्या तमिळ. रामस्वामींच्या बायकोला, कनकाला, पहिल्या खेपेला दिवस गेले, तेव्हा फुलं विकायला येणाऱ्या बाईला आधी कळलं आणि गोदाक्कांना सगळ्यांत शेवटी. गर्भारणीला बांगड्या भरण्याचा समारंभ ठरला आणि गोदाक्कांची रवानगी कुंभकोणमला चुलत बहिणीकडे झाली. मूलबाळ नसलेल्या विधवेची नजर लागते, असं तोंडानं कुणी म्हणालं नाही. फक्त रामस्वामी कोट चढवून एगमोर स्टेशनावर गेले आणि तिकीट घेऊन आले. चांगल्या घरांत माणसाला असंच दुखवतात, आवाज न करता.

तेव्हापासून गोदाक्कांनी शितावरून भाताची परीक्षा करायची विद्या कमावली. कुठल्या सुनेला या महिन्यात कावळा शिवला आणि कुठलीला नाही, एवढं लक्षात ठेवलं की गल्लीतलं अर्धं भविष्य हातात येतं.

ही विद्या सुनीतीपुढे मात्र लंगडी पडली. सुनीती म्हणजे कनकाची सून, पुण्याची. कनकाचा मुलगा वेंकटरमण नोकरीनिमित्त पुण्याला दोन वर्षं राहिला आणि लग्न करूनच परतला. ही मुलगी बाजूला बसणं मानत नव्हती. पहिल्याच महिन्यात तिनं सासूला सांगून टाकलं की आमच्याकडे हे बंद झालं. कनका दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी भूक लागली. तेव्हापासून घरातलं पंचांगच बुडालं.

गोदाक्कांचा तिच्यावर जीव होता. लग्नानंतर तिनं घरात पाऊल टाकलं, त्या दिवशी सगळे ओटीवर जमले होते आणि गोदाक्का रीतीप्रमाणे मागच्या दाराआड उभ्या होत्या. सुनीती त्यांना शोधत मागे आली आणि वाकून नमस्कार केला. असा नमस्कार त्यांना सवयीचा नव्हता. आशीर्वाद काय द्यावा, तेही पटकन सुचलं नाही.

मग तमिळ आडी महिना संपता संपता एक दिवस गोदाक्का मागच्या अंगणात कॉफीच्या बिया भाजत होत्या. वास घरभर गेला आणि सुनीती पदर नाकाला लावून विहिरीकडे पळाली. गोदाक्कांचा हात कढईतच थांबला. एरवी त्या मागोमाग गेल्या असत्या, चेहरा पाहिला असता, दोन आडवळणाचे प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्या जागच्या हलल्या नाहीत. या एका खेपेला त्यांना शोधून काढायचं नव्हतं. ही मुलगी मला सांगेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पुढचे दिवस मोठे कठीण गेले. सुनीती लिंबाचं लोणचं चाटताना दिसली की गोदाक्का मान फिरवत. कॉफी भाजायला त्या शेजारच्या अलमेलूकडे जाऊ लागल्या. मांजरानं दुधाकडे पाठ करून बसावं, तशी गत. इकडे कनका आणि अलमेलूची कुजबुज सुरू झाली. या कानाचं त्या कानाला होई आणि गोदाक्का आल्या की अळीमिळी गुपचिळी. मग एका सकाळी कनका तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाली की अक्का, कुंभकोणमला जाऊन फार दिवस झाले, नाही?

गोदाक्का हो म्हणाल्या. आत जाऊन लुगड्याची घडी घालू लागल्या. घडी काही जमेना. डोळ्यांना पाणी येत होतं आणि त्याचा त्यांना रागही येत होता. या वयात आपण एवढी आशा धरावीच कशाला?

सुनीती दारात आली. कुठं निघालात, तिनं विचारलं. कुंभकोणम ऐकून ती गोंधळली.

"आता जाताय? माझं माहेर इतकं लांब, आणि तुम्हीही जाताय? तुम्हाला कळलंच असेल की. मी तर तुम्हालाच पहिल्यांदा सांगणार होते. पण सासूबाई म्हणाल्या, गोदाक्कांना सांगायला नको, त्यांना सगळं आधीच कळतं."

सारी गल्ली साक्षीला आली असती, तरी गोदाक्का त्या दिवशी जे खोटं बोलल्या ते त्यांनी मागे घेतलं नसतं.

"मज काही ठाऊक नाही बाळ. कोणी सांगटलं नाही. तू सांग."

 सुनीती लुगडं बाजूला सारून जवळ बसली आणि अगदी आरंभापासून सांगितलं. गोदाक्कांनी खोदून खोदून विचारलं. कशाचा वास सोसत नाही? लिंबाचं लोणचं? खरंच? असं कसं? उत्तरं पाठ होती, तरी प्रत्येक उत्तराला त्या नव्यानं नवल करत होत्या. शेवटी सुनीती लाजून म्हणाली, मामंजींना अजून कुणी सांगितलं नाही, मला धीर होत नाही, तुम्ही सांगाल?

रामस्वामी ओटीवर कोट चढवत होते. एगमोरला निघाले होते, तिकिटाला. गोदाक्का रीतीप्रमाणे दाराआड थांबल्या नाहीत, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रामा, तिकीट नको. मज सुनीती एक सांगटली. आपण होऊन. माझ्याजवळ बसून."

"काय सांगटली?" भावानं विचारलं.

"सांगते की," गोदाक्का म्हणाल्या, आणि तिथंच ओटीवर ऐसपैस बसल्या. "आधी तो कोट काढ."