एका चौकटीत सगळे घर

निमिषच्या प्रेमाला एकच चौकट हवी होती, सज्जनहो, आणि त्या चौकटीत सगळे घर हवे होते! अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी दोन खोल्यांत राहणारा हा नागपूरचा मुलगा. आठवडाभर कंपनीचे काम करावे, सुट्टीला जुनी भिंगे पुसत बसावे. तिकडे आईच्या डोळ्यांची ज्योत मंदावत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, दृष्टी फार दिवसांची नाही. इकडे व्हिसाचा अर्ज अडकलेला. एकदा देश सोडला तर परत येता येईल, याची शाश्वती कोणी देईना. आपल्याला जाता येत नाही, तर घरच व्हिडिओत भरून आईकडे पाठवावे, असे त्याने मनाशी ठरवले.

जुन्या सिनेमा-प्रोजेक्टरची ॲनामॉर्फिक लेन्स त्याने नळाच्या क्लॅम्पने कॅमेऱ्यासमोर आवळून बसवली. ही लेन्स रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करते. मागाहून संगणकावर ते ताणायचे, की मूळची रुंदी परत मिळते. तरी देवघर चौकटीत येईना. पाठ फ्रीजला टेकली, मागे सरायला वीतभर जागा उरली नाही. मग त्याने पुढे वाइड-अँगल अटॅचमेंट चढवली, जिने सगळे लहान नि लांब दिसते पण चौकटीत मावते, आणि काय सांगावे! देव आले, खिडकी आली, पत्नी प्रीता आली, लेक रुही आली, आणि कॅमेरा चालू करून तोही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. कडा जराशा विरघळल्या, पण घरातले कोणी बाहेर राहिले नाही.

"फोनवर शूट केलं असतं तरी आईंना चाललं असतं," प्रीता हसली.

"फोनमध्ये आपलं घर मावत नाही गं."

"बाबा, कॅन वी ईट नाऊ?" रुहीने मान वेळावली.

सकाळी ऑफिसच्या घाईत त्याने व्हिडिओ पाठवला. ताणलेला राहिला संगणकातच; गेला तो दाबलेला.

आईने तो पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि कोणापाशी चकार शब्द काढला नाही. महिन्याने धाकट्या बहिणीचा, रेणूचा, फोन आला.

"दादा, खरं सांग, तू आजारी आहेस? आई म्हणते, पोरगा काडी झालाय. सून, नात, सगळीच वाळलीत, आणि लांब उभी आहेत. तुझ्या अंगाला मांस धरेपर्यंत ती रात्रीचं जेवणार नाही म्हणते."

निमिषने पाठवलेला व्हिडिओ उघडून पाहिला. लेन्सने वाळवले होते, अटॅचमेंटने दूर लोटले होते. आणि दोन्ही त्याने स्वतःच्या हाताने, किती मायेने जोडले होते! त्याने तत्क्षणी ताणलेला व्हिडिओ पाठवला.

"दादा, परवापासून तिला काहीच दिसत नाही रे."

रेणूने फोन आईजवळ धरला.

"आई, ते भिंगामुळे झालं! मी चांगला जाड आहे, पोट सुटलंय माझं."

"सूनबाईनं पढवलं वाटतं?" आई मंद हसली. "अरे, हे डोळे जाता जाता मी तुलाच पाहिलं. ते खोटं कसं असेल? भात खात जा. आणि जरा जवळ ये बाळा, किती लांब उभा राहिलास!"

निमिष फोनचा व्हिडिओ चालू करून कॅमेऱ्यापाशी सरकला, गाल फुगवून बसला.

"दादा, व्हिडिओ बंद केलास तरी चालेल," रेणू हळूच म्हणाली.

त्याने बंद केला नाही. गाल तसेच फुगवून तो आणखी जवळ सरकला.