विजूदाच्या टेपवरची आरोळी

आधीच सांगतो मंडळी, मी भूतखेत मानणाऱ्यातला नव्हे. माझा धंदा रेडिओ-टेप दुरुस्तीचा. लोक दुकानात येऊन सांगायचे, रेडिओ आपोआप चालू होतो, टेपमधून कुणीतरी कण्हतंय... मी स्विच बदलून द्यायचो, हेड पुसून द्यायचो, की कण्हणं बंद. या पानावरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो आणि खाली खवचट कमेंटा टाकणाऱ्यांतला मी एक आहे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तर हसा खुशाल.

आमच्या तरुणपणी 'काळी तोफ' नावाचा बँड होता. मराठीतून, इलेक्ट्रिक गिटारवर, कान फाटेस्तोवर गायचे. गायचा आणि गिटार वाजवायचा तो विजूदा. गाणी लिहायचा आणि बेस वाजवायचा तो सत्या. चार वर्षं चालला बँड, मग दोघांचं फाटलं. बाहेरच्या जगाला त्यांचं नावही ठाऊक नसेल, पण आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे — 'तोफखाना'. दोनशे-सव्वादोनशे माणसं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी... सगळी आता पोटं सुटलेली.

या ग्रुपवर मला मान होता आणि तो एका टेपमुळं होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयात काळी तोफचा कार्यक्रम झाला. स्टेजवर मागं लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या आणि पुढं ड्रम! तो कार्यक्रम मी माझ्या टू-इन-वनवर टेप केला. दोन तास ते धूड मांडीवर धरून बसलो, पाय मुंग्या येऊन मेला. टेप करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही हा आमच्यातला नियम, कारण मशीन त्याच्याजवळ, त्याचाच आवाज सगळ्यात मोठा येतो. त्यामुळं सगळा हॉल बोंबलत होता आणि मी एकटा ओठ दाबून बसलो होतो.

शेवटचं गाणं झालं, बँड निघाला. तेवढ्यात डावीकडून आरोळी आली.

"जायाची घाई हाय व्हय, विजूदा?"

अख्खा हॉल हसला. विजूदा आत गेलेला, तो परत बाहेर आला, त्या बाजूला बघितलं आणि माईकवर म्हणाला, "न्हाय गा मर्दा. बसतो की." आणि बसला की खरंच! स्टेजच्या कडेला पाय सोडून त्यानं एकट्यानं एक गाणं म्हटलं. ते गाणं पुढं कधी कुठल्या कॅसेटवर आलं नाही. ते फक्त माझ्या टेपवर आहे, म्हणून त्या टेपला किंमत आणि म्हणून ती आरोळी आमच्यात गाजलेली. ग्रुपवर कुणी 'चला झोपतो' म्हटलं की दहाजण तेच लिहितात.

ही आरोळी दिलप्याची. दिलीप माझा शाळेपासूनचा दोस्त. उंचीनं कमी, म्हणून हॉलच्या डाव्या अंगाला जेवणघराकडं जायचं दार होतं, त्याच्या पायरीवर चढून उभा होता. ओरडताना 'व्हय'वर त्याचा आवाज फाटायचा. त्या दिवशीही फाटला.

मला किती लागलं ते तेव्हा मलाच कळलं नाही. घरी येऊन टेप ऐकली. दोन तास मांडी मोडून घेतली मी, नियम पाळला मी, आणि टेपवर आवाज त्याचा. विजूदा बोलला तोही त्याच्याशीच! मी त्या टेपवर कुठंच नाही, खोकलासुद्धा नाही. त्यात दिलप्या चौकाचौकात सांगत सुटला, विजूदा मला मर्दा म्हणाला... अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक कॉपी मागायला लागले तेव्हा दुकानात बसून मी आधी एक 'मास्टर' बनवला. हॉलचा घुमारा यावा म्हणून दुकानामागच्या संडासात उभा राहून तीच आरोळी माझ्या आवाजात टेप केली. अकरा वेळा. बारावी जमली. मग डबल डेकवर दिलप्याच्या जागी दोन सेकंद माझे बसवले. जगात जेवढ्या कॉप्या गेल्या, पुढं ज्यांनी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या, सगळ्यांत मीच आहे, आणि ऐकून ऐकून लोकांनाही तेच खरं वाटायला लागलं. ओरिजिनल कॅसेटच्या डोक्यावरच्या दोन्ही पट्ट्या मी मोडल्या. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा काही टेप होत नाही. आणि ती पत्र्याच्या डब्यात घालून घरी माळ्यावर ठेवली.

दिलप्या एकदा दुकानात आला असताना तीच कॉपी चालू होती. आरोळी आली. तो माझ्याकडं बघत राहिला, मी स्क्रू शोधायला लागलो. त्यानं निम्मा चहा प्याला, 'चांगलं झालंय' म्हणाला आणि गेला. पुढं येणं कमी झालं. काही वर्षांत त्याच्या किडन्या गेल्या आणि तोही गेला. एकोणीस वर्षं होतील. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती, ऋतुजा.

आता याहून वाईट सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऋतुजा दुकानात आली होती. फार्मसीला आहे आता. म्हणाली, काका, बाबांचा आवाज कशात आहे का हो? घरी फोटो आहेत, आवाज कुठंच नाही. आई म्हणते तुम्ही सगळं टेप करायचा. मी म्हटलं, न्हाय गं बाळा, काय राहिलं नाही. माळ्यावरचा डबा माझ्या डोळ्यांपुढं होता. तिला टेप दिली असती तर ती ग्रुपवर गेली असती आणि या आरोळीमुळं पडलेलं माझं 'घाईवाले काका' हे नाव गेलं असतं. एवढ्यासाठी मी त्या पोरीला नाही म्हणालो.

यंदा बातमी आली, विजूदा एकटाच दौऱ्यावर निघालाय. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव. ग्रुपवर रणकंदन. अर्धे म्हणाले बँडची गाणी ऐकायला मिळणार, नाद खुळा. अर्धे म्हणाले, गाणी सत्याची, हा एकटा गाऊन टाळ्या कसा घेतो? सत्याला तर बोलावलेलंसुद्धा नाही. आणि यात सगळ्यांत मोठ्यांदा कोण ओरडत होतं? मी. 'दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवायला लाज वाटायला पाहिजे,' असं मी लिहिलंय. स्क्रीनशॉट आहेत लोकांकडं.

विजूदाला म्हणे टेपमधला तोच हॉल पाहिजे होता. म्हणून शनिवारी दुपारी साडेचारला, त्याच मंगल कार्यालयात. ग्रुपनं माझ्यासाठी पुढून चौथ्या रांगेत उजवीकडची खुर्ची धरली. म्हणाले, काका, शेवटी आरोळी तुम्हीच मारायची, विजूदाच्या माणसांना पण सांगून ठेवलंय, नंतर भेट आहे. माझी बायको सुनंदा बरोबर होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

विजूदा म्हातारा झालाय. पण गायला लागला आणि अंगावर काटा आला. बँडचं प्रत्येक गाणं सुरू करायच्या आधी तो एवढंच म्हणायचा, "हे माझं न्हाय, सत्यानं लिहिलंय." प्रत्येक गाण्याला. आठव्या-नवव्या वेळी मी मान खाली घातली. सुनंदानं विचारलं, काय होतंय? म्हटलं, उकडतंय.

शेवटचं गाणं झालं. विजूदानं हात जोडले, वळला. ग्रुपचे सगळे माझ्याकडं बघायला लागले, मोबाईल वर झाले. मी उठलो आणि छाती भरून ओरडलो, "जायाची घाई हाय व्हय, विजूदा?" माझा आवाज मी ऐकला. सुनंदानं कानावर हात ठेवला. मागच्या एकानं पाठीवर थाप मारली.

विजूदा थांबला. वळला. पण माझ्याकडं नाही, डावीकडं बघितलं त्यानं. तिथं पूर्वी जेवणघराचं दार होतं. ते कधीच बुजवलंय, आता सपाट भिंत आहे आणि भिंतीला पाण्याचा कूलर. त्या कूलरकडं बघून तो हसला आणि म्हणाला, "न्हाय गा मर्दा. बसतो की." आणि ते गाणं म्हटलं. माणसं रडली. मला गाणं ऐकूच आलं नाही, मी त्या भिंतीकडं बघत होतो.

नंतर आत भेटायला नेलं. पोरांनी ओळख करून दिली, हेच ते टेपमधले. विजूदानं हात मिळवला आणि बारीक डोळे करून म्हणाला, "तुम्ही न्हाय ओ. तो दारातला." मी म्हटलं, तिथं आता दार नाही. तो म्हणाला, असंल, आणि दुसऱ्याला सही द्यायला लागला.

रात्री जेवून ग्रुप उघडला. व्हिडिओंचा पाऊस. मी मोजले, एक्केचाळीस. एका बाईचा व्हिडिओ माझ्या शेजारच्या रांगेतून काढलेला आहे, त्यात मी बाजूनं स्पष्ट दिसतो. उभा राहतो, तोंड उघडतो, गळ्याच्या शिरा ताणलेल्या... आणि आवाज येतो दिलप्याचा. लांबून, डावीकडून, 'व्हय'वर फाटलेला. दुसरा उघडला, तोच. तिसरा, तोच. एकानं लिहिलं होतं, काका तुमचा आवाज टेपपेक्षा वेगळा वाटतोय. खाली कुणीतरी लिहिलं, वय झालं ओ.

अशा वेळी माणसाला भीती वाटते म्हणतात. खरं सांगू? मला आधी राग आला. एकोणीस वर्षं झाली जाऊन, तरी विजूदानं त्याच्याकडंच बघितलं!

रविवारी दुपारी माळ्यावरून डबा काढला. म्हटलं ओरिजिनल लावून ताडून बघू, कदाचित मलाच भास होत असेल. कॅसेट तीच, माझ्या अक्षरातली. दोन्ही पट्ट्या मोडलेल्या. दुकानात जाऊन चांगल्या डेकवर लावली. शेवटचं गाणं, टाळ्या, माझ्यामागं कुणाचा तरी खोकला, सगळं जिथल्या तिथं. मग आरोळीची जागा आली आणि तिथं काहीच नाही. टाळ्या विरत जातात, टेपची बारीक खरखर, मग एकदम लोक हसतात आणि विजूदा म्हणतो, न्हाय गा मर्दा. कशाला हसले ते टेपवर नाही. टेप पुसली गेली तर सगळंच जातं. टाळ्या ठेवून एकच माणूस जात नाही. एवढं तर मला या धंद्यात कळतं. सहा वेळा लावली. मग हेड पुसलं, डेक बदलला आणि सातव्यांदा लावली.

सुनंदानं तोपर्यंत एक व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला दिलप्याची बायको आणि ऋतुजा दुकानात. वैनी आजवर माझ्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. मोबाईल काऊंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, ह्यो त्यांचाच आवाज हाय. ऋतुजा परत परत तेवढंच लावत होती.

मग माझ्यानं राहवलं नाही. संडासातल्या बारा आरोळ्यांपासून माळ्यावरच्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, आता वैनी चप्पल काढतात. त्या स्टुलावर बसल्या.

"त्यास्नी म्हाईत होतं की," वैनी म्हणाल्या. "म्हणायचे, टेप धरणाऱ्याला बोलाय येत न्हाय. असू दे त्याचा बी आवाज कुठंतरी."

हे ऐकून माझं मन हलकं व्हायला पाहिजे होतं. थोडं झालंही. पण मंडळी, आज काही लपवायचं नाही म्हणून लिहितो, त्याच्या खालोखाल परत तीच जळजळ. मोठेपणातही लेकानं मला मागं टाकलं! त्यानं एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कॅसेट ऋतुजाच्या हातात दिली. म्हटलं, यात आता तो नाही, पण ही त्याचीच आहे. परवा ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. काहीजण शिव्या घालून गेले. काहीजण म्हणतात, काकांनी नवीन पुडी सोडली. एक साऊंडवाला म्हणतो की हॉलमध्ये प्रतिध्वनीनं आवाज बदलतो. बदलत असेल. एक्केचाळीस मोबाईलमध्ये एकसारखा बदलतो का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि टेपवरच्या त्या कोऱ्या जागेबद्दल तो बोलतच नाही.

त्या सोमवारी निघताना ऋतुजा दारात थांबली. तिनं सगळे व्हिडिओ उतरवून घेतले होते, एकेक ऐकलेला. तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता.

"काका, तुम्ही पण ओरडलात ना? मग तुमचा आवाज कुठं गेला?"

मी ओरडलो होतो. सुनंदा साक्षीला आहे, तिचा कान दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. ऋतुजाला मी म्हटलं, बघतो. तेव्हापासून रोज दुकान उघडलं की एक्केचाळीस व्हिडिओ लावतो, हेडफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून. मी अजून सापडलो नाही.