टाकीचा मुहूर्त

आमच्या केब्लुकान गावात दार्मोजोरावांना, म्हणजे आमच्या भाषेत पाक दार्मोजोंना, विचारल्याशिवाय कोणी कोंबडीसुद्धा खुडूक बसवत नाही. तीस वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजला आणि निवृत्त झाल्यावर दिवस मोजायला घेतले. एका हाताच्या बोटांवर सात वार, दुसऱ्या हातावर आमच्या बाजाराच्या आठवड्याचे पाच दिवस: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही जुळवून ते सांगणार, लग्न कधी, नव्या घरात पाऊल कधी, मोटारसायकल घ्यायची कधी. दक्षिणा म्हणून लवंगेच्या सिगारेटचं पाकीट. मोटारसायकलला दोन.

एकाच कामाला त्यांना अकरा वर्षांत मुहूर्त सापडला नव्हता. स्वतःच्या संडासाची टाकी उपसायला.

एका वर्षी सुरो महिना आड आला. त्या महिन्यात जमीन उकरणं वाईट. पुढच्या वर्षी मुलीचा, म्हणजे रेत्नाचा, जन्मवार आडवा आला. त्यानंतर कारणं शोधायचीही गरज उरली नाही, कारण पाक दार्मोजोंनी नवाच सिद्धांत काढला. "आमची टाकी भरतच नाही," ते चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचे. "जागेचा गुण आहे. आणि घरात माणसं किती? तीन. त्यात मी खातो पाखराएवढं."

"पाखरू सकाळी तीन वाट्या सोतो, कोंबडीचा रस्सा, ओरपतं," असं त्यांची बायको सुमिनेमबाई, म्हणजे बू सुमिनेम, घरी म्हणायची. पण टपरीवर ती नसायची.

आता रेत्नाचं लग्न ठरलं. शनिवार पाहिंग. दिवस अर्थातच बापानं काढलेला, आणि असा चोख की चार गावांतल्या जाणत्यांनी मान डोलावली. मांडव अंगणात, चारशे पानं. मुलाकडची माणसं शहरातली, त्यातून नवऱ्याची आई, बू हारतिनी, शाळेत मुख्याध्यापिका. त्या हसतात तेव्हाही उत्तरपत्रिका तपासताहेत असं वाटतं.

रीतीप्रमाणे सोमवारीच शेजारपाजारच्या तीस बायका स्वयंपाकाला जमल्या. तीस बायका म्हणजे तीस चुली नव्हेत, पण तीस जणींचं जाणंयेणं. दुपारी बू सुमिनेम संडासातून हातात पाण्याचा मग तसाच धरून बाहेर आली.

"अहो, इकडे या."

"काय झालं?"

"मी वरून पाणी ओतलं. खालून उत्तर आलं."

पाक दार्मोजोंनी आत जाऊन एक मग ओतून पाहिला. भांड्यानं गुडगुड केली, ढेकर दिला आणि पाणी परत केलं. ते शांतपणे बाहेर आले, फणसाच्या भाजीपाशी गेले आणि तिथल्या पिठाच्या डब्यातून खमिराच्या चार गोळ्या उचलल्या. टाकीत खमीर टाकलं की ती पोटातल्या पोटात जिरवते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत टाकीनं काही जिरवलं नाही, पण संडासातून गोडसर, आंबूस, शिळ्या ताडीसारखा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. फणसाच्या भाजीची चव बघायला कोणी पुढं होईना.

"दार्मोजोमामा," एक म्हातारी शेजारीण पदर नाकाला लावून म्हणाली, "लग्नात दारू ठेवलीय का हो?"

गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर टाकी उपसणाऱ्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. दार्मोजोंच्या दारापुढच्या खांबावर तर सहा होत्या. रेत्नानं त्यातल्या एका नंबरला फोन लावला. पलीकडे पार्जियो नावाचा गाडीवाला होता.

"शुक्रवारपर्यंत गाडी भरलेली आहे ताई. दोन्ही अर्थांनी. लग्नसराईत सगळ्यांनाच आपापल्या टाक्या आठवतात. उद्याचा दिवस तेवढा मोकळा आहे."

उद्या म्हणजे मंगळवार पोन. पाक दार्मोजोंचा चेहरा उतरला. मंगळवार पोन हा त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा दिवस. त्या दिवशी घरात कोणतंही महत्त्वाचं काम काढायचं नाही, हे त्यांनी अर्ध्या गावाला पढवलं होतं. गेल्याच वर्षी अशाच कारणानं त्यांनी एका शेजाऱ्याला विहीर खणू दिली नव्हती. तो बिचारा अजून दुसऱ्याकडून पाणी भरतो.

"जमणार नाही," ते म्हणाले. "मी केलं तर गाव काय म्हणेल? शनिवारी बघू, पाहुण्यांना शेजारी पाठवू."

"चारशे पाहुण्यांना?" रेत्नाचा आवाज चिरकला. "माझ्या सासूला? पैठणीसारखं जरीचं नेसून ती शेजाऱ्याच्या गोठ्यातून जाईल?"

बू सुमिनेमनं हातातला मग खाली ठेवला. "मला एक सांगा. त्या दिवशी काय करायचं नाही?"

"महत्त्वाचं काम."

"आणि टाकी उपसायला मी अकरा वर्षं मागं लागले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

पाक दार्मोजो खिशात सिगारेटचं पाकीट चाचपू लागले.

"म्हणालात, बू, हे काय महत्त्वाचं काम आहे का? रेत्ना, म्हणाले की नाही?"

"दरवर्षी म्हणाले."

"मग बिनमहत्त्वाच्या कामाला मंगळवार पोन चालतो. लाव फोन."

चुलीपाशी बसलेल्या तीस बायकांतून एकीनं पळी आपटून दाद दिली. ज्या माणसाला शास्त्रात कोणी हरवलं नव्हतं, तो स्वयंपाकघरात हरला.

सकाळी पार्जियो लांबलचक नळी ओढत आला. "झाकण कुठंय, पाक?"

दार्मोजोंनी वही उघडली. त्यांच्या वहीत सगळं असतं. टाकी बंद केल्याचा वार होता, बाजाराचा दिवस होता, तास होता, गवंड्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं तेही होतं. झाकण कुठं आहे, तेवढंच नव्हतं. मधल्या काळात ओसरीला गुळगुळीत फरशी बसली होती.

पार्जियो पहार घेऊन फरशीवर टकटक करत फिरला. ठक, ठक, ठक, आणि मग ढब. त्यानं वर पाहिलं. त्या जागी नवरानवरीच्या सिंहासनाचा सोनेरी सांगाडा उभा होता.

"शुभ जागा निवडलीत," तो म्हणाला.

सिंहासन बाजूला झालं, तीन फरश्या फुटल्या, झाकण उघडलं. तीस बायका परसात पळाल्या. पार्जियोनं बांबू आत घातला आणि वर काढून दाखवला. वर वीतभर पाणी, बाकी सगळा दगडासारखा गाळ.

"आमची भरत नाही ना..." दार्मोजो पुटपुटले.

"सगळे तेच म्हणतात. पाणी वाहून जातं, पाक, गाळ कुठं जाणार? तो बसतो. आणखी वर्षभर थांबला असतात, तर तो पुढं शोषखड्ड्यात उतरून तिथली माती बुजवून बसला असता. मग माझी गाडी काही कामाची नव्हती. अख्खं परस खणावं लागलं असतं. दर तीन वर्षांनी बोलवा. आणि फरशीत झाकणाला एक कडी ठेवा."

गाडीनं दोन खेपा केल्या. संध्याकाळी भांड्यात मग ओतला तर पाणी एका घोटात गेलं. बू सुमिनेमनं पुन्हा ओतला, केवळ बघायची हौस म्हणून.

शनिवारी मांडव भरला. गामेलानच्या झांजा-घंटा वाजत होत्या, नवरानवरी ढबढबणाऱ्या जागेवर राजाराणीसारखी बसली होती. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा बू हारतिनी ताट ठेवून उठल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, मागची बाजू कुठं. बू सुमिनेम त्यांना घेऊन गेली. पाक दार्मोजो पाहुण्यांशी बोलत होते, पण कान मागच्या दाराला लागले होते. दार लागलं. बराच वेळ काही नाही. मग पाणी पडल्याचा आवाज. एक मग. दुसरा. मग शांतता, गुडगुड नाही, ढेकर नाही.

बू हारतिनी पदर सारखा करत बाहेर आल्या आणि थेट व्याह्यांसमोर थांबल्या. दार्मोजोंनी चहाची बशी खाली ठेवली.

"व्याहीबुवा, लग्नघरात हे इतकं नीट असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं," त्या म्हणाल्या. "तयारी केव्हापासून चालू होती?"

"मंगळवारपासून," पाक दार्मोजो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बाजाराचा दिवस सांगितला नाही.