बिनभाड्याची गाडी

तुळजापुरात नवी-जुनी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाचा क्रम ठरलेला असतो. आधी देवी, मग पेढे, मग जेवण, आणि घरी निघताना आठवलाच तर विमा. माझं ऑफिस जुन्या स्टँडजवळ एका लॉजच्या खाली आहे. झेंडूचा हार घातलेली गाडी दारात थांबली की मी ओळखतो, आता कुणीतरी उतरून म्हणणार, "आप्पा, स्वस्तातला द्या, पोलिसाला दाखवण्यापुरता." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, पोलिसाला दाखवायलाच हवंय ना काही, तर सरळ दात दाखवा, तेही फुकट!

मी ब्रोकर आहे. एजंट एका कंपनीचा असतो. ब्रोकरनं चार कंपन्या धुंडाळून गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलायचं असतं. एवढी वर्षं हा फरक सांगतोय आणि एवढीच वर्षं लोक मला 'इन्शुरन्सवाले श्रीशैलआप्पा' म्हणतायत. आता मी सांगणं सोडलंय.

जळकोटचे बिरदेवमामा मात्र आत आले आणि म्हणाले, "आप्पा, गाडीला चांगल्यातला इमा पायजे. पैशाचं मागनं बोलू." अशी माणसं विरळाच, म्हणून त्यांना मी चहा मागवला. उंच, वाळकं शरीर, पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट. बसण्याआधी त्यांनी खुर्ची थोडी पुढं घेतली, थोडी मागं घेतली आणि मगच टेकले. एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झाले होते. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं वळली. घरात चाक असं पहिलं आलं ते बिरदेवमामांच्या हातात, आणि तेही महामंडळाचं.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलगा शिवराज पुण्याहून म्हणाला, फ्लॅट बुक करू. मामांनी सात जण बसतील अशी चार वर्षं जुनी गाडी घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जलमभर तिकीटवाली माणसं नेली. एक बाई तापलेलं लेकरू घिऊन गेटात उभी होती, पैसे न्हाईत म्हणून कंडक्टरनं उतरवली. त्येचं तरी काय चुकलं? चेकर पुढच्या स्टॉपला उभा. पर म्या आरशात बघत बसलो, आप्पा. तवाच ठरवलं, एक गाडी अशी घ्यायची की जिच्यात कुणी तिकीट काढायचं न्हाय."

माणूस मला आवडला. मी कामाला लागलो. कायद्यानं लागतो तो थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. त्यावर आपल्या गाडीचं नुकसान धरणारा पूर्ण विमा. त्यावर चालवणाऱ्याचा आणि शेजारी-मागं बसणाऱ्यांचा अपघात विमा. तीन कंपन्यांचे आकडे समोर ठेवले. मामा एकेक गोष्ट समजून घेत होते. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. गाडी कशाला वापरता?

"घरालाच की. अन् गावाला लागंल तशी. कुणाला सोलापूरला दवाखान्यात, कुणाला हितं तहसीलला."

"पैसे घेता?"

"छ्या! म्या कुणाचा एक रुपया हातात धरत न्हाय. लोकच आईपुढं ठेवत्यात."

म्हणजे कसं, ते त्यांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. स्टिअरिंगच्या पुढं तुळजाभवानीची तसबीर. उतरताना माणूस नोट तसबिरीखाली सरकवतो. मामा त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघतात. देणाऱ्यानं देवीला दिलं, घेणाऱ्यानं देवीकडून घेतलं, आणि डिझेल टाकलं. कुणाचं कुणावर काही नाही. आपल्या लोकांनी हिशेबातून सुटायला देवालाही कामाला लावलंय, याचं मला हसू आलं. हसू आवरून मी पेन खाली ठेवलं.

"मामा, हे भाडंच झालं."

"आईपुढं ठिवलेलं भाडं कसं हुईल?"

"तुमच्या-माझ्यासाठी नाही होणार. कंपनीसाठी होईल. ही पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी. तिच्यात पाहुणा बसला तर चालतो, भाड्याचा माणूस बसला तर विमा अंग काढून घेऊ शकतो. उद्या काही झालं तर चौकशीला माणूस येणार. तो तुम्हाला नाही विचारणार. हॉटेलात चहा पिणार आणि सहज म्हणणार, बिरदेवमामांच्या गाडीनं सोलापूरला जायचं तर काय द्यावं लागतं हो? आणि आपलं गाव खोटं बोलणार नाही. आकडा सांगेल, वर घासाघीस कोण करतो त्याचं नावही सांगेल."

मामांचा चेहरा पडला. त्यांच्यासमोर मी दोन रस्ते ठेवले. एक, गाडी आरटीओतून व्यावसायिक करून घ्यायची, पिवळी पाटी, परवाना, दरवर्षीची तपासणी, आणि प्रवाशांना धरणारा महाग विमा. मग भाडं उघड घ्यावं. दुसरा, घरगुती विमाच ठेवायचा आणि कुणाकडून काहीही घ्यायचं नाही, तसबिरीखालीही नाही.

"मग दुसराच," मामा लगेच म्हणाले. "पिवळी पाटी लावून म्या पुन्ना भाडं मारू व्हय? तसंबी मला फुकटच न्यायचंय की लोकान्ला. चांगलंच झालं, तुमच्यामुळं तरी बंद हुईल त्ये."

पूर्ण विमा, मागं बसणाऱ्यांसह. मी स्वतःवर खूश होतो. गिऱ्हाइकाला योग्य तेच दिलं, एक पैसा ज्यादा खर्च करायला लावला नाही. मामाही खूश होऊन गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी दुसऱ्या एका कामासाठी जळकोटला गेलो होतो. म्हटलं, मामांकडं डोकावू. गाडी दारातल्या लिंबाखाली उभी होती, आणि तिच्यावर पिवळ्या पानांचा थर बसलेला. काचेवर कुणीतरी बोटानं रेघोट्या ओढलेल्या. ज्या माणसाच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, त्याची गाडी अशी? मामा शेतात गेले होते. त्यांच्या बायकोनं, म्हाळसाबाईंनी, चहा ठेवला आणि चहाबरोबर मलाही उकळलं.

"तुमीच सांगितलं ना आप्पा, पैसे घेऊ नका? बसा आता. कुणी येतंय का बघा गाडीत."

"फुकट नेतात तरी येत नाहीत?"

"फुकट नेत्यात म्हणूनच येत न्हाईत!" त्या म्हणाल्या. "पयले दोन महिने आले. मग एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येताना अडखळायला लागला. कुणी भाजीची पिशवी आणून ठिवली, ह्येंनी ती बी परत दिली, म्हणं कंपनीला चालायचं न्हाय. आता सगळे रस्त्यावर उभे ऱ्हात्यात, जीपची वाट बघत. ह्यो बाबा गाडी काढून त्येंच्यापुढनं जातो, 'चला की' म्हणतो, आन् लोक म्हणत्यात, 'न्हाय, जरा काम हाय.' उन्हात उभं ऱ्हायचं कसलं काम हो?"

माझा सल्ला कागदावर चूक नव्हता, आजही नाही. पण आम्ही विम्यावाले धोके मोजतो ते गाडीचे. माणसाला मिंधेपणाचा धोका असतो, त्याची कुठल्याच कंपनीकडं पॉलिसी नाही. त्या दिवशी चहा मला गोड लागला नाही, आणि मी निघून आलो.

पुढचं मला मामांनी स्वतःच सांगितलं, माझ्या ऑफिसात बसून. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढं-मागं केली नाही. तशीच घेतली आणि बसले.

त्यांच्या घरासमोर दगडोबा राहतात. दोघं एका वयाचे, एकत्र मेंढरांमागं हिंडलेले. दगडोबांची किडनी गेलीय. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस, म्हणजे यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं. नाही केलं तर अंगात पाणी साठतं आणि माणूस गुदमरतो. गाडी आल्यापासून मामाच त्यांना न्यायचे, आणि दगडोबा दरवेळी तसबिरीखाली नोट ठेवायचे. पैसे बंद झाल्यावरही काही खेपा ते आले. मग सांगू लागले, पोरगं येतंय मोटारसायकलवर न्यायला. मामांनी विश्वास ठेवला. पोरगं कुठलं येतंय? ते हैदराबादला बांधकामावर. दगडोबा लपत-छपत जीपनं नळदुर्गला, तिथून एसटीनं सोलापूरला जात होते. येताना अंगात त्राण नसायचं, तेव्हा स्टँडवरच आडवे व्हायचे. मग एक खेप चुकवली. मग दुसरी. तिसऱ्या वेळी दुपारी त्यांच्या बायकोनं आरडाओरडा केला आणि मामांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. चेहरा सुजलेला, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी वाचवलं, थोडक्यात.

"शुद्धीवर आल्यावर म्या लई शिव्या घातल्या," मामा म्हणाले. "म्हनलं, दगड्या, गाडी दारात, म्या दारात, आन् तू एसटीनं जातोस? काय वैर हाय आपलं?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"आप्पा, त्यो काय म्हनला म्हायतीय? म्हनला, 'एकदा नेलंस, दोनदा नेलंस. हे मरूस्तोवर न्यायचं काम हाय. रोज कोणत्या तोंडानं गाडी काढ म्हणू? फुकट मढ्याला नेत्यात, बिरदेव. म्या अजून जित्ता हाय.'"

बाहेर कुणीतरी नव्या गाडीपुढं नारळ फोडला. आम्ही दोघंही तिकडं बघत राहिलो. मला वाईट वाटलं ते दगडोबांसाठीच, पण त्याहून जास्त समोरच्या या माणसासाठी. एका तापलेल्या लेकरासाठी त्यानं आयुष्यात एकच गोष्ट मनाशी धरली होती, आणि तीच मित्राच्या जिवावर उठली होती.

"पिवळी पाटी करायची," मामा म्हणाले. "काय काय लागतंय त्ये सांगा."

मी त्यांना घाईत होकार देऊ दिला नाही. सगळं पुन्हा सांगितलं. हप्ता वाढेल, आणि बराच वाढेल. धाराशिवला आरटीओत खेटे घालावे लागतील. परवाना, तपासणी, वेग बांधणारं यंत्र. घरगुती पॉलिसी बदलून व्यावसायिक करावी लागेल. पाटी एकदा पिवळी झाली की पाहुण्यांच्या लग्नात ती भाड्याची गाडी म्हणूनच उभी राहील. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

"घरचे काय म्हणतात?"

"शिवराज फोनवर म्हनला, पप्पा, पुन्ना ड्रायव्हर होणार का? म्या म्हनलं, व्हय बाबा, म्या कवा कलेक्टर व्हतो?" मग जरा हळू आवाजात म्हणाले, "म्हाळसा बोलली न्हाय काही. पर सकाळी उठून गाडी धुतली तिनं."

चार कंपन्यांकडून मी आकडे मागवले. स्वस्तातली एक कंपनी होती, पण तिच्यात प्रवाशाला दुखापत झाली तर मिळणारी रक्कम नावापुरती. मी ती आधीच बाजूला काढली होती. मामांनी एकच गोष्ट दोनदा विचारून घेतली, "ह्यो इमा घेतला की दगडोबानं पैसे दिलेले चालत्याल ना? आन् गाडीत त्येला काही झालं तर त्येच्या बायकोला मिळंल ना?" दोन्हींना मी हो म्हणालो. विम्याच्या धंद्यात एवढं निखालस हो म्हणायची संधी फारशी येत नाही.

आरटीओचं सगळं उरकायला उन्हाळा लागला. पॉलिसीची प्रत मी मुद्दाम स्वतः घेऊन गेलो. खरं तर ती मोबाइलवर पाठवता आली असती. पण मला बघायचं होतं. म्हाळसाबाईंनी ओसरीवर बसवलं, आणि तेवढ्यात गाडी सोलापूरहून आली. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, कोरी करकरीत. मागं लोहाऱ्याच्या दोन बायका आणि एक शाळामास्तर. पुढं दगडोबा. हाताला पट्टी, अंग थकलेलं, पण ताठ बसलेले.

गाडी त्यांच्या दारात थांबली. मामा उतरून दार उघडायला गेले, तर दगडोबांनी हातानं लांब सारलं आणि स्वतःच उतरले. खिशातून पैसे काढले.

"किती झाले?"

मामा गाडीचं दार लावायला वळले. एसटीत आयुष्य गेलं, पण तिकीट फाडायचं काम कंडक्टरचं. प्रवाशाच्या तोंडावर भाडं सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते माझ्याकडं बघू लागले, मग म्हाळसाबाईंकडं. म्हाळसाबाई ओसरीवरूनच ओरडल्या, "सांगा की!"

मामांनी आकडा सांगितला, अगदी पुटपुटत.

"लई सांगतोस," दगडोबा म्हणाले. "जीपवाला ह्येच्यात परत आणून चहा पाजतो."

"जीपवाला पुढची सीट देतो व्हय?"

"सीट देतो, पर बडबड करत न्हाय तुझ्यावानी."

थोडी घासाघीस झाली. मागच्या बायका हसायला लागल्या. दगडोबांनी मोजून पैसे मामांच्या हातात ठेवले, आणि मामांनी ते या वेळी खिडकीबाहेर न बघता घेतले. दगडोबा काठी टेकत दारापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळून चांगलं दरडावून म्हणाले,

"तेरवा सकाळी यायचं हाय. येळेवर ये. आन् दारात हॉर्न वाजवायचा न्हाय, म्हातारी उठती."

"बरं," बिरदेवमामा म्हणाले.