शब्बीरचाचांच्या जाळीचा फोटो

तुम्ही शेवटचं खोटं कुठल्या चांगल्या कामासाठी बोललात? आठवून ठेवा. मी माझं सांगते.

आधी एक स्पष्ट करते — भूत, करणी, संकेत... यातलं मी काही मानत नाही. माझे वडील चिंचवडच्या एका कंपनीत युनियनचं काम करायचे. गेट मीटिंगच्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. ते म्हणायचे, "पत्रकात एक वाक्य खोटं सापडलं की समोरचा उरलेली दहा खरी वाक्यंही कचऱ्यात टाकतो." या धाग्यावरचे अमानवीय अनुभव वाचून "पुरावा काय?" विचारणारी मीच. आज माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो माझ्याच विरुद्ध आहे.

गेल्या उन्हाळ्यात मोकळ्या मैदानांसाठी भांडणाऱ्या आमच्या ग्रुपने ठरवलं — पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही, फुकट, उघड्यावर बास्केटबॉल खेळता येईल अशी चांगली कोर्टं शोधायची आणि पत्रक काढायचं. मी स्कूटीवरून चऱ्होलीपासून माणपर्यंत फिरले. चऱ्होलीत कोर्टं चकाचक, पण सोसायटीच्या आत. गेटवरचे काका विचारणार, "फ्लॅट नंबर?" माणला कंपन्यांच्या आवारात, तिथे गळ्यात कार्ड हवं. आणि जिथे कुणीही जाऊ शकतं तिथे रिंग वाकडी, जमिनीत मांडवाच्या खांबांचे खड्डे. मी पेटले होते. फिरून व्हायच्या आधीच हेडिंग ठरलं — "शहरात एकही धड कोर्ट नाही!"

आणि मग संत तुकाराम नगरच्या मागच्या बाजूला एक धड कोर्ट सापडलं.

जमीन झाडलेली. रेषा ऑइलपेंटने नव्याने ओढलेल्या. आणि रिंगला जाळी! दुकानातली नव्हे, कंपनीत खोक्यांना आवळतात त्या हिरव्या पॅकिंग पट्टीची, हाताने विणलेली. डावीकडे पट्टी कमी पडली होती, तिथे सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा जोडलेला. तिथे एक मुलगी एकटीच सराव करत होती. सना, अकरावीतली. जाळी तिच्या वडिलांनी विणलेली — शेजारच्या गॅरेजवाल्या शब्बीरचाचांनी.

"जाळी नसली की बॉल आतून गेला का बाहेरून, कळतच नाही ताई," ती म्हणाली. "मला जिल्ह्याच्या निवडीला उतरायचंय."

मी आमच्या ग्रुपमधल्या ओंकारला फोन लावला. तो हसायलाच लागला. "हेडिंगची वाट लागली की राव! आता काय, 'एक सोडून' छापायचं? कोण वाचणार?" मीही हसले.

रविवारी भर दुपारी मी परत गेले. ऊन इतकं की कोर्टवर चिटपाखरू नव्हतं. पत्रकांच्या गठ्ठ्यांची सुतळी कापायला माझ्या पिशवीत कायम कटर असतो. खांबाच्या आडव्या पाइपांवर चढले आणि जाळीचे बाराच्या बारा फास कापले. जाळी पिशवीत टाकली. उघड्या रिंगचे पाच फोटो काढले. मनात म्हटलं, एक जाळी गेली तर गेली... दहा कोर्टं होतील.

पत्रक गाजलं. शब्बीरचाचांच्या गॅरेजमध्येही मी माझ्या हाताने एक दिलं. पंधरा दिवसांत महापालिकेच्या माणसांनी येऊन ती रिंग उतरवून नेली आणि गेटला कुलूप घातलं. पाटी लागली — "दुरुस्तीसाठी बंद". ती अजून तशीच आहे. म्हणजे आमचं हेडिंग आता खरं झालं.

त्यानंतर मी ती गल्ली टाळायला लागले. पण दिवाळीनंतर एका सकाळी स्कूटी नेमकी तिथेच बंद पडली. (यात अमानवीय काही नाही, प्लग खराब होता.) ढकलत गॅरेजपर्यंत गेले.

"या या मॅडम! सना, बघ कोण आलंय. आपल्या जाळीवाल्या!"

मी स्टँड लावायच्या निमित्ताने खाली वाकले. पाने-पक्कड अडकवायच्या फळीवर आमच्या पत्रकातला फोटो चिकटवला होता. नुसता फोटो. "वरचं लिहिलेलं फार कडक होतं बेटा, ते कापून टाकलं," चाचा म्हणाले. कडेला आमच्या हेडिंगचं अर्धं उद्गारचिन्ह राहिलं होतं.

फोटोतल्या रिंगला जाळी होती.

मी अगदी नाक लावून पाहिलं. पेनाने काढलेली नव्हती. रिंगला जसे छपाईचे ठिपके, तसेच जाळीला. आणि डावीकडे ट्यूबचा काळा तुकडा.

"प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो मी," चाचा हात पुसत म्हणाले. "जाळी कुणा हरामखोराने कापली, कोर्टही गेलं. पण तुमच्यामुळे फोटो तरी राहिला. शुक्रिया बेटा."

मागे लिंबाला एक टायर टांगला होता. सना त्यात बॉल टाकत होती. ती थांबली.

"ताई, हा फोटो कोणत्या दिवशी काढला? रविवारी सकाळी जाळी होती. संध्याकाळी नव्हती."

"शनिवारी," मी म्हणाले.

"शनिवारी तर मी दिवसभर कोर्टवरच होते."

"अगं, पाणी प्यायला आली असशील तेवढ्यात," चाचाच तिला म्हणाले. "मोठ्या माणसांना असं विचारतात का?"

सना टायरकडे वळली.

घरी येऊन शिल्लक गठ्ठा सोडला. चाळीसेक पत्रकं, सगळ्यांत रिंग उघडी. फोनमधल्या पाचही फोटोंत उघडी. प्रेसवाला म्हणाला, "सगळी एकाच प्लेटवर छापली, त्यातलं एकच वेगळं कसं निघेल?" कापलेली जाळी माझ्या कपाटात आहे, ट्यूबच्या तुकड्यासकट. मग गॅरेजमधल्या त्या एका फोटोत ती कुठून आली? मला आजही माहीत नाही. मी "शनिवारी" का म्हणाले, ते मात्र पक्कं माहीत आहे.

सनाची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. ती अजून टायरवरच सराव करते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी ती जाळी घेऊन शब्बीरचाचांच्या गॅरेजवर जाणार आहे. तिथून त्या कुलूपबंद गेटवर, कोर्ट उघडा असा महापालिकेच्या नावाचा अर्ज घेऊन. त्यात पहिलं वाक्य आहे — "जाळी मी कापली." जवळ राहत असाल तर या. ते पत्रक घरात असेल तर घेऊन या, फोटोत जाळी दिसो वा न दिसो. काही बोलू नका, नुसते माझ्या शेजारी उभे राहा. मी एकटी असले तर पुन्हा "शनिवारी"च म्हणेन.