एका वेळी एकच प्लेट

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सोसायटीच्या खाद्यजत्रेत सकाळी दहा ते एक या वेळेसाठी सातशे रुपये भरून आम्ही एक टेबल घेतलं होतं. टेबलामागे चौघं: मी, बायको, मुलगा आणि सून.

सून इंडोनेशियाची. लग्न होऊन पुण्यात आल्याला तिला दहा महिने झाले होते. जानेवारीत तिने मुलाला सांगितलं, की या घरात मला करण्यासारखं काही नाही, माझं माहेरचं तिकीट काढ. फक्त जायचं, परत यायचं नको. मुलाने हे आमच्या कानावर घातलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तिला काही करू दिलंय का आपण?"

तिची आई तिकडे हातगाडीवर मी-गोरेंग विकते. लसूण, कोबी, मिरची आणि दाट गोड सोया सॉस घालून मोठ्या आचेवर परतलेल्या नूडल्स. तो सॉस इथे महाग पडतो, म्हणून सुनेने साध्या सोया सॉसमध्ये काकवी आटवून पाहिली. चव जमली. मी दोनदा मागून घेतलं, आणि टेबल घ्यायचं ठरलं.

हिशेब माझा. सहा किलो नूडल्स, ऐंशी प्लेटा. प्लेटीला चार मिनिटं धरली तर तीनशे वीस मिनिटं. हातात एकशे ऐंशी. आपल्याकडे पन्नास माणसांचे पोहे कुणी एकेक प्लेट फोडणीला टाकत नाही. म्हणून त्या पहाटे, सून उठायच्या आत, मी तीन किलो नूडल्स उकडल्या, मोठ्या पातेल्यात एकदम परतल्या आणि वर झाकण ठेवलं.

दहाला झाकण काढलं तर आत गोळा. पहिले गिऱ्हाईक सोसायटीचे सचिव. पातेल्यात डोकावून म्हणाले, "अहो, हे वजनावर देणार, की वड्या पाडून?"

मागचे दोघं हसले. सून एप्रनची गाठ सोडायला लागली. सचिव पलीकडे मिसळीला गेले.

मी तिला म्हणालो, "चूक माझी आहे. तुझी आई करते तसं कर. मी मध्ये पडणार नाही."

तिने गाठ पुन्हा आवळली, पातेलं टेबलाखाली ढकललं आणि कढई तापत ठेवली. बायको शेजारच्या शेगडीवर एकेका प्लेटीपुरत्या नूडल्स उकडून द्यायला लागली. लसणाचा वास बी विंगपर्यंत गेला असावा, कारण तिथले लोक डबे घेऊन खाली आले. सव्वाअकराला रांगेत अकरा माणसं होती, बाराला तेवीस. मोजण्यापलीकडे मला काम उरलं नव्हतं.

एक गृहस्थ वैतागले. "अहो, कढई एवढी मोठी आहे, दोन प्लेटा एकदम टाका की!"

सून वर न बघता म्हणाली, "एका वेळी एकच. घाई असेल तर तिकडे वडापाव आहे."

मग ते गृहस्थच म्हणाले, "झालं! सूनबाई पक्क्या पुणेकर झाल्या!" सगळे हसले, पण वडापावकडे एकही जण गेला नाही.

एकला पाच मिनिटं कमी असताना चाळिसावी प्लेट गेली आणि नूडल्स संपल्या. रांगेत अजून नऊ जण होते आणि त्यांत दुसऱ्या नंबरवर सचिव.

"काहीच उरलं नाही का वहिनी?"

"गोळा आहे की," बायको म्हणाली. "वजनावर देऊ?"

ऐंशीच्या भावाने विक्री बत्तीसशे झाली. टेबलासकट खर्च बावीसशे. उरलेले हजार मुलाने सुनेच्या हातात ठेवले. घरी येताच तिने आईला फोन लावला. त्यांच्या भाषेतले शंभरपर्यंतचे आकडे मी लग्नाच्या वेळीच शिकून ठेवले होते, त्यामुळे ती ओरडून सांगत होती तो आकडा चाळीस आहे, हे मला लगेच कळलं. तिकिटाचा विषय त्यानंतर तिनेच बंद केला.

मंगळवारी सासू-सुना येरवड्यातल्या एका वेल्डरकडे जाऊन आल्या. मोठ्या आचेची शेगडी बसेल अशी हातगाडी, चौदा हजारांत, एका महिन्यात तयार. आगाऊ रक्कम म्हणून सुनेने त्या वेल्डरला रोख एक हजार रुपये दिले.