शैलाताईचा सारस पडला नाही

शैलाताई गेल्याचं मला तीन तास उशिरा कळलं. मी नागझिऱ्याला गाइड आहे. आत जंगलात फोन लागत नाही, आणि त्या शनिवारी सकाळी मी पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला घेऊन आत होतो. वाघ दिसला नाही, रानगव्यांचा कळप दिसला, तेवढ्यावर मंडळी खूश होती. साडेदहाच्या सुमाराला जिप्सी गेटबाहेर आली आणि खिशातला फोन वाजायचा थांबेना. सगळे कॉल मुरलीभाऊजींचे, म्हणजे ताईच्या नवऱ्याचे. मी फोन लावला तर ते नेहमीसारखेच हळू बोलले, "गुणवंत, तुझी ताई नाही राहिली गा." ताई शिक्षिका, शनिवारची सकाळची शाळा होती. परिपाठ संपला, पोरं वर्गात गेली, ताई खुर्चीवर बसली आणि तिथंच... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दोन दिवसांनी आमच्याकडच्या एका छोट्या वृत्तपत्रात चार ओळी छापून आल्या. सौंदडच्या शिक्षिका, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या लेखिका आणि 'एका फसलेल्या सुपरहिरो मालिकेच्या निर्मात्या'. ती निर्माती नव्हती, लेखिका होती. ही चूक मी सोडून देतो. पण 'फसलेल्या' हा शब्द मी सोडणार नाही. त्या मालिकेचा सुपरहिरो मी होतो. ती पडली ती ताईच्या हट्टामुळे, असं सहा वर्षं सगळ्यांना सांगत फिरणाराही मीच होतो. तेव्हा हे खोडायचं काम माझंच आहे.

शैलाताई माझ्या मामाची मुलगी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. शाळेसाठी मी सौंदडला मामाकडे राहिलो. तेव्हा मी तोतरं बोलायचो. एकेक शब्द तोंडातून निघायला इतका वेळ लागे की समोरचा माणूस तो स्वतःच पूर्ण करून टाकी आणि बहुतेक वेळा चुकीचा करी. ताईने असं कधी केलं नाही. हातातलं काम ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. "घाई नाही," म्हणायची, "मी ऐकून राहिली." पुढे तिच्याच नाटकात तिने मला उभं केलं, तेव्हा पाठ केलेले संवाद न अडखळता बाहेर आले. सगळे चकित झाले. ताईला मात्र त्यात नवल वाटलं नाही.

मालिकेची गोष्ट तिला तिथूनच सुचली असावी, असं आता वाटतं. नागपूरच्या एका निर्मात्याने तिचं नाटक पाहिलं आणि टीव्हीसाठी काही आहे का विचारलं. तिने 'सारस' दिला. आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, सारस पक्षी जोडीने उभे असतात, पाण्यात पाय रोवून, मान वर करून. ताईचा सारस म्हणजे एक साधा शेतमजूर. पाण्यात उभा राहिला की ते पाणी जिथवर जोडलेलं आहे तिथवरचं सगळं त्याला ऐकू येतं. तलावातून कालवा, कालव्यातून बांधी, बांधीतून कुणाच्या विहिरीपर्यंत... कोण काय बोललं, कोण रडलं, सगळं. कोरड्या जमिनीवर आला की तो तुमच्या-माझ्यासारखा. बस, एवढीच शक्ती.

पायलट म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे वाहिनीने ठरवावं म्हणून आधी चित्रित केलेला एक भाग. तो आम्ही रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत केला. पावसाळ्यात जंगल बंद असतं, त्यामुळे मी मोकळाच होतो. राखाडी शर्ट-पँट आणि गळ्याला लाल दुपट्टा, असा सारसाच्याच रंगांचा माझा वेश. पहिल्या दिवशी बांधावरून एक म्हातारी ओरडली, "लाइनमन भाऊ, आमची लाइट कधी येते?" सगळं युनिट हसलं. ताई मात्र बांधावर जाऊन तिच्याजवळ बसली आणि लाइट किती दिवसांपासून गेली आहे ते विचारू लागली. अर्धा तास शूटिंग थांबलं. शेवटचा प्रसंग नागऱ्याच्या महादेवाच्या देवळाजवळ घेतला. चिखलात उभं राहून पायाला जळवा लागल्या होत्या, पण मला वाटत होतं की आपलं आयुष्य आता बदललं.

मग मुंबईला बोलावणं आलं. ताई आणि मी गेलो. काचेच्या खोलीत एक तरुण साहेब आणि एक मॅडम होत्या, दोघंही बोलायला चांगले. पायलट पाहून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "हिरो उडत नाही?"

"नाही," ताई म्हणाली.

"फाइट?"

"एकदा ढकलते एकाले."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मग भाषेवर आले. ही बोली पुण्या-मुंबईत कळणार नाही, पडद्यावर खाली अक्षरं द्यावी लागतील, आणि खालची अक्षरं वाचत कुणी मालिका बघत नाही. मालिका होत नाही, एवढं कळलं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या की एक मार्ग आहे. त्यांची एक कौटुंबिक मालिका तेव्हा घराघरात चालत होती. तिच्यात सारसला आठवडाभर पाहुणा म्हणून आणायचं, दोन कथांचा महासंगम करायचा. लोकांना आवडला तर स्वतंत्र मालिकेचा पुन्हा विचार होईल. माझ्या कानात वारं शिरलं. मॅडमनी प्रसंगही सांगितले. सारस हा त्या घराचा गावाकडचा नातेवाईक. तो बंगल्यात येतो, त्याच्या बोलण्यावर सगळे हसतात, आणि शेवटी तो सुटाबुटातल्या पाहुण्यांसमोर पोहायच्या तलावात पडतो.

ताईने विचारलं, "त्याले ऐकू येईल का?"

"म्हणजे?"

"तलावात पडल्यावर. पाणी आहे नं. त्याले ऐकू येईल, का नुसता पडेल?"

मॅडम साहेबांकडे बघून म्हणाल्या, "ते नंतर बघता येईल."

"मंग नाही," ताई म्हणाली आणि पिशवी उचलली.

परतीच्या गाडीत वर्धा आलं तेव्हा मी तोंड उघडलं. खूप बोललो, आणि अडखळत बोललो. म्हणालो, "पडलो असतो मी. माझी हाडं होती. तू काऊन नाही म्हटलं? मले विचारलं काऊन नाही?" तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. ते मला जास्त लागलं. त्यानंतर दीड वर्ष मी तिच्या घरची पायरी चढलो नाही. पुढे लग्नकार्यात भेटलो, बोललो, एकदा ती शाळेची सहल घेऊन नागझिऱ्याला आली तेव्हा मीच सगळ्यांना फिरवलं. पण त्या गोष्टीवर आम्ही दोघंही कधी आलो नाही. लोक विचारत, काय झालं गा तुझ्या सिरीयलचं? मी म्हणायचो, ताईले मोठेपणा सुचला.

तेरवीच्या दिवशी तिची मुलगी प्राची एक निळी फाइल घेऊन आली. "मामा, हे कपाटात होतं. तुमचं नाव आहे." आत पाच भाग होते, ताईच्या त्या शाळामास्तरी अक्षरात, सबंध संवादांसकट. वर लिहिलं होतं 'महासंगम', त्याखाली माझं नाव. शेवटी वाहिनीला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती आणि रजिस्टर पोस्टाची पावती. पावतीवरची तारीख मुंबईहून आल्यानंतर तिसऱ्या आठवड्याची होती. म्हणजे मी तिच्याशी बोलत नव्हतो तेव्हा ती हे लिहीत होती. पत्रात एक वाक्य होतं: 'मी त्या दिवशी नाही म्हणाले, त्यात माझ्या भावाचा दोष नाही. त्याला ही भूमिका करायची आहे आणि त्याने ती करावी अशी माझीही इच्छा आहे.' उत्तर आलेलं नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, भाऊजींनासुद्धा नाही.

आता त्या पाच भागांत काय आहे ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचं मत करता येईल. त्या कौटुंबिक मालिकेत एक सून होती. तिच्यावर होणारा अन्याय सगळा महाराष्ट्र बघत होता, पण घरातलं कुणी तिचं ऐकत नव्हतं. रडायचं असलं की ती स्वयंपाकघरात जायची आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडायची. हे त्या मालिकेत आधीपासून होतं, ताईने बनवलेलं नाही. लाखो लोकांनी तो नळ पाहिला असेल. पण तिथून सारस आत येऊ शकतो हे फक्त ताईला दिसलं. तिच्या लिखाणात सारस त्या घरच्या लग्नासाठी तांदळाचं पोतं घेऊन येतो. तो मागच्या दाराने येतो, अंगणातल्या नळावर पाय धुतो, आणि त्या क्षणी त्याला स्वयंपाकघरातलं रडणं ऐकू येतं. ज्या पाण्याआड ती लपते, तेच पाणी तिचा आवाज त्याच्यापर्यंत आणतं. घरातलं बाकीचंही सारं त्याला कळतं, कुणी कागद लपवले, कुणी खोटी सही केली. तो कुणाचं काही उघड करत नाही. पण हा माणूस सगळं ऐकतो, एवढं कळल्यावरच घरातले एकेक जण त्याला टाळू लागतात. पाचव्या भागात, सगळे जेवायला बसलेले असताना, तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणतो, "बाई, नळ बंद करा. मी ऐकलो. आता बाकीच्यायले ऐकू द्या." ती नळ बंद करते. नळ बंद झाला की त्याच्या शक्तीचं काम संपलं. कोरड्या फरशीवर तो एक साधा मजूर होऊन उभा राहतो, आणि ती बोलू लागते.

तेरवीनंतर पाहुणे अजून घरीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बायका बसल्या होत्या, त्यांना आणि दाराशी बसलेल्या भाऊजींना मी ते वाचून दाखवलं. मला परीक्षा घ्यायची होती, ताईची आणि माझीही. कौसाबाई म्हणजे भाऊजींची मोठी बहीण. तिने ती मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली. दुसऱ्या भागातच तिने मला थांबवलं, "ती सून अशी नाही गा बोलत. तिले येवढी हिंमत नाही." मी म्हटलं, "आत्या, शेवटपर्यंत ऐका." तलावात कुणी पडलं नाही, कुणी उडालं नाही. माझी बोली त्यांचीच बोली, त्यामुळे त्यावर हसायचं कारण नव्हतं. त्या हसल्या त्या सासूच्या घाबरण्याला. नळ बंद होऊन सून बोलू लागली, तिथे वाचन संपलं. मी फाइल मिटली. कौसाबाईने विचारलं, "मंग सासू काय म्हणाली?" मी म्हटलं, इथंच संपलं. "असं कसं?" ती म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता.

म्हणून मी ठामपणे सांगतो, हे चाललं असतं. गोड बोलायचं म्हणून नाही, मेलेल्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून तर मुळीच नाही. दोन मालिका एकत्र आणायच्या तर दोघींत एक जागा अशी लागते जी दोघींचीही असते. मुंबईच्या त्या खोलीत बसलेल्यांना ती पोहायच्या तलावात दिसली, कारण त्यांना माझं पडणं हवं होतं. ताईला ती नळात दिसली. एकाची शक्ती ऐकण्याची आणि दुसरीचं दुःख कुणी ऐकत नाही हे, यापेक्षा नीट जुळणी कोणती करणार? खाली अक्षरं द्यावी लागली असती, हो. द्यायची होती. जिचं नवऱ्याच्या घरात कुणी ऐकलं नाही तिला सारसची बोली कळली असती. आणि ज्यांनी ते पाकीट उघडलंच नाही, त्यांनी याला फसलेलं म्हणू नये. न पाहिलेली गोष्ट फसत नसते. मीही सहा वर्षं न विचारताच बोलत होतो. तेही इथे लिहून ठेवतो, कारण ताई असती तर तिने ते खोडू दिलं नसतं.

प्राचीने सगळं टाइप केलं आहे. मागच्या सोमवारी आम्ही ते पुन्हा पाठवलं, त्याच वाहिनीला आणि आणखी दोघांना. लेखिका म्हणून ताईचं नाव आहे. मी आता सेहेचाळीसचा आहे, पोट सुटलं आहे, दुसरा कुणी सारस झाला तरी चालेल असं पत्रात लिहिलं. उत्तर नाही आलं तर परत पाठवू. आमच्याकडे पोस्ट ऑफिस चालू आहे.

परवा सौंदडला गेलो होतो. ती मालिका संपून दोन वर्षं झाली, पण दुपारी तिचे जुने भाग पुन्हा दाखवतात. मागच्या खोलीत टीव्हीसमोर ताईची वेताची खुर्ची आहे. खुर्चीच्या हातावर पेनाच्या निळ्या रेघा आहेत, कारण बघता बघता लिहायला ताईला कागद सापडायचा नाही. त्या खुर्चीत भाऊजी बसले होते. त्यांना मालिकांचा कंटाळा, आयुष्यभर ताईला त्यावरून बोलले. मी बाजूला स्टूल ओढून बसलो. पडद्यावर ती सून स्वयंपाकघरात गेली, तिने नळ सोडला. भाऊजींनी रिमोटने आवाज वाढवला. मग पडद्यावरच्या त्या खोलीत कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून आला असता नं तू?"

तिथे मागचं दार होतं. मी इतकी वर्षं ते कधी पाहिलं नव्हतं. उघडंच होतं.